हिशेबात न धरलेले ऊन

५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून ठार मारण्यात आले. त्यांतील एक आपल्या वसईचा, संत गोन्सालो गार्सिया. त्याची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. त्याच सव्वीसांमध्ये फेलिपे दे हेसूस नावाचा एक तरुण होता, त्याची आठवण मात्र आपण क्वचितच काढतो. फेलिपे मेक्सिको शहरात जन्मला. परंपरा सांगते की, कुमारवयात तो चांदीकाम करणाऱ्या एका सोनाराच्या हाताखाली उमेदवारी करीत होता. पुढे व्यापाराच्या निमित्ताने तो मनिलाला गेला आणि तेथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. आपला गोन्सालोही व्यापारी म्हणूनच त्या बाजूला गेला होता आणि त्यानेही मनिलातच संत फ्रान्सिसचा झगा अंगावर चढविला. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या साऱ्यांना एकाच दिवशी संतपद बहाल केले.

वसई आणि मेक्सिको ही पृथ्वीची दोन टोके. या दोन टोकांची माणसे त्या काळी मनिलाच्या बंदरात कशी एकत्र आली? ईश्वराची योजना, असे आपण म्हणतो आणि श्रद्धेने म्हणतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्याबरोबर एक ऐहिक उत्तरही शोधावे लागते. ते उत्तर म्हणजे चांदी. मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून चांदीने भरलेली गलबते दरवर्षी मनिलाला येत आणि चीनचे रेशीम घेऊन परत जात. फेलिपे ज्या ‘सान फेलिपे’ नावाच्या गलबतातून गुरुदीक्षेसाठी मायदेशी निघाला होता आणि जे १५९६ साली जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले, तेही याच व्यापारातले. तीच चांदी दुसऱ्या वाटेने, अटलांटिक ओलांडून सेव्हिलला आणि तेथून लिस्बनला पोहोचे, आणि लिस्बनहून रियालांच्या नाण्यांच्या पेट्या भरून गोव्याच्या धक्क्यावर उतरे. युरोपकडे हिंदुस्थानला विकण्याजोगा माल फारसा नव्हता. मिरी आणि कापड घ्यायचे तर रोख चांदी मोजावी लागे. सुरतेच्या मोगल टांकसाळीत हेच रियाल वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमदानीत वसईच्या बाजारात जी चांदी फिरली, तिच्यातील बराच वाटा असा पश्चिमेच्या समुद्रापलीकडून आलेला होता.

ही चांदी निघत कशी होती, हा या लेखाचा विषय आहे. ती निघत होती उघड्या अंगणात, उन्हाच्या बळावर.

सोळाव्या शतकाच्या मध्यास नव्या स्पेनमधील, म्हणजे आजच्या मेक्सिकोतील, खाणमालक अडचणीत सापडले होते. वरच्या थरांतील कसदार खनिज संपत आले होते. ते होते तोवर काम सोपे होते. दगड फोडायचे, शिसे मिसळून भट्टीत वितळवायचे आणि शिशातून चांदी वेगळी करायची. या पद्धतीला कोळसा फार लागे. पाचूका काय किंवा साकातेकास काय, ही गावे समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या कोरड्या प्रदेशात वसलेली. भट्ट्यांनी भोवतालची झाडे खाऊन टाकली. उरलेले खनिज इतके हलके, की हजार किलो दगडातून दोन किलो चांदी निघाली तरी पुष्कळ. त्यासाठी कोळसा जाळणे परवडेना.

अशा वेळी, १५५४ साली, बार्तोलोमे दे मेदिना नावाचा सेव्हिलचा एक कापडव्यापारी पाचूकाला येऊन दाखल झाला. खाणीचा धंदा त्याचा नव्हे. स्पेनमध्ये असताना एका जर्मन माणसाकडून त्याने ऐकले होते, की खनिजाची पूड करून ती मिठाच्या पाण्यात आणि पाऱ्यात कालवली तर भट्टीवाचून चांदी हाती येते. त्या जर्मनाला, ‘मास्टर लोरेंझो’ला, मेदिना आपल्याबरोबर आणू इच्छित होता; परंतु परक्या देशाच्या माणसाला वसाहतीत जाण्याची परवानगी मिळाली नाही. मेदिना एकटाच आला आणि त्याने प्रयोग सुरू केले. प्रथम ते फसले. स्पेनमधील खनिजाला जे मानवले ते पाचूकाच्या खनिजाला मानवेना. अखेर त्याने त्यात भाजलेल्या ताम्रखनिजाची पूड घालून पाहिली. तिच्यात मुख्य अंश मोरचुदाचा असे. पुढे तिला ‘माखिस्त्राल’ हे नाव पडले. ती घालताच काम साधले. १५५५ साली व्हाइसरॉय लुईस दे वेलास्को याने मेदिनाला या युक्तीचा अधिकारपत्राने हक्क दिला. या कापडव्यापाऱ्याने शोधलेली रीत साडेतीनशे वर्षे टिकली. रसायनशास्त्राच्या इतिहासात इतके दीर्घायुष्य लाभलेल्या औद्योगिक पद्धती फार थोड्या आहेत.

स्पॅनिश भाषेत अंगणाला ‘पातिओ’ म्हणतात, म्हणून ही ‘पातिओ’ची रीत. तिचे वर्णन जरा सविस्तर करतो. कारण आपल्या वाचकांना त्यातील बरेचसे परके वाटणार नाही.

खनिज आधी मुसळांच्या चक्कीत कुटले जाई. नंतर ते गोलाकार दगडी खळग्यात पाण्यासह घालीत आणि खेचरे जुंपून त्यावरून जड शिळा फरफटवीत. जुन्या बांधकामांसाठी आपल्याकडे बैल जुंपून चुन्याची घाणी फिरवीत, तिचा हा सख्खा भाऊ. तासन्‌तास दळल्यावर खनिजाचा लोण्यासारखा मऊ चिखल होई. तो चिखल दगडांनी फरसबंद केलेल्या विस्तीर्ण उघड्या अंगणात पसरीत. प्रारंभीच्या काळात वीस-तीस स्पॅनिश क्विंटलांचे लहान ढीग असत. तेथला क्विंटल सुमारे ४६ किलोंचा, आपल्या क्विंटलाच्या निम्म्याहूनही लहान. पुढे एकेका थापीत शंभर टनांच्या आसपास माल राहू लागला. या थापीला ते ‘तोर्ता’ म्हणत. तोर्ता म्हणजे केक किंवा भाकर. अंगणात एका वेळी अशा अनेक राखाडी भाकऱ्या उन्हात पसरलेल्या असत.

भाकरीत प्रथम मीठ पडे. हे मीठ मोठ्या प्रमाणावर लागे, आणि तेही उन्हाचेच देणे होते. साकातेकासच्या पूर्वेस खाऱ्या पाण्याची तळी होती. कोरड्या ऋतूत ती आटत आणि तळाशी मिठाचा थर उरे. वसईच्या खाडीकाठी ज्यांनी मिठागरे पाहिली आहेत, कुंडीतले पाणी दिवसेंदिवस जड होत जाऊन एके सकाळी त्यावर पांढरी साय धरलेली ज्यांनी न्याहाळली आहे, त्यांना या कामाची जात समजावून सांगायला नको. मिठानंतर एक दिवसाने माखिस्त्राल, आणि मग पारा. पारा कापडी पिशवीतून पिळून, धुक्यासारखा बारीक करून भाकरीवर शिंपडीत.

त्यानंतर तुडवण. प्रारंभीच्या दोन शतकांहून अधिक काळ हे काम माणसांच्या पायांनी झाले. उघड्या पायांचे इंडियन मजूर त्या खारट, पारायुक्त चिखलात दिवसभर फिरत. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या जागी खेचरे आली. खळ्यात मळणीसाठी पात धरावी तशी खेचरांची रांग एका माणसाभोवती फिरे, आणि भाकर वळत, मिसळत राही. ही खेचरे मिठाच्या ओढीने चिखल चाटीत. मेलेल्या खेचराच्या पोटात चांदी आणि पारा यांचा गोळा सापडे, असे तेथे जाऊन आलेल्यांनी लिहून ठेवले आहे.

एवढे झाले की बाकीचे काम उन्हाने करायचे. खनिजातील चांदी बहुधा गंधकाशी जखडलेली असते, म्हणून पारा तिला थेट ओढून घेऊ शकत नाही. मीठ आणि मोरचूद यांच्या संयोगातून तांब्याचा क्लोराईड तयार होतो. तो चांदीला गंधकापासून सोडवून तिचा क्लोराईड करतो. मग पारा त्या क्लोराईडमधून चांदी मोकळी करतो, आणि हे करताना पाऱ्याचा एक भाग स्वतःच क्लोराईड होऊन कायमचा खर्ची पडतो. उरलेला पारा मोकळ्या चांदीला आपल्या पोटात घेतो. ही साखळी अत्यंत संथ आहे. उष्णता मिळाली तर ती चालते, थंडी पडली तर अडखळते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ आडाखा आजचे रसायनशास्त्र सांगते. मेदिनाला हा आडाखा ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण उन्हाळ्यात तीन आठवड्यांत पिकणारी भाकर हिवाळ्यात दोन महिनेही घेते, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पावसाची धास्ती तर मिठागरवाल्याइतकीच. सरींनी मीठ आणि माखिस्त्राल धुऊन नेले की मेहनत वाया.

भाकर पिकली की नाही, हे ठरविणारा माणूस म्हणजे ‘आसोगेरो’, पाऱ्याचा जाणकार. तो रोज सकाळी चिमूटभर चिखल एका उथळ वाडग्यात घेऊन पाण्याने हळूहळू धुवी आणि तळाशी राहिलेल्या पाऱ्याचा रंग पाही. पाऱ्याला काळसर राखाडी छटा आली तर तो म्हणे, ‘हिला ताप चढला आहे,’ आणि चुना घालायला सांगे. पारा नुसताच लखलखीत, निष्क्रिय दिसला तर भाकर ‘थंड’ आहे, तिला आणखी माखिस्त्राल हवे. वैद्याने नाडी पाहावी तसे हे काम चाले. आसोगेरोला ना लिहिलेले शास्त्र होते ना तापमापक. तरीही त्याच्या एका शब्दावर कित्येक टन खनिजाचे भवितव्य ठरे. मला या सगळ्या कथेत हा माणूस सर्वांत अधिक जवळचा वाटतो. त्याच्यासारखे कितीजण होऊन गेले, त्यांपैकी बहुतेकांची नावेही कागदावर उरली नाहीत.

शेवटी भाकर हौदांत धुतली जाई. हलका चिखल वाहून जाई, तळाशी जड पारा आणि चांदी राही. ते मिश्रण जाड कापडात पिळले की पुष्कळसा पारा परत मिळे. उरलेला घट्ट गोळा धातूच्या घंटेखाली तापवीत. पारा वाफ होऊन उडे, थंड होऊन पुन्हा गोळा होई, आणि खाली सच्छिद्र चांदी उरे. संपूर्ण रीतीत आग लागे ती माखिस्त्राल भाजायला आणि या अखेरच्या टप्प्यालाच. बाकीचे सारे जळण आकाशातून फुकट येई.

मेक्सिकोहून दक्षिणेकडे, आजच्या बोलिव्हियात, पोतोसीचा डोंगर आहे. तेथे १५४५ साली चांदी सापडली. तेथील मूळ रहिवासी ‘ग्वाइरा’ नावाच्या लहान मातीच्या भट्ट्या उतारावर मांडीत आणि डोंगरावरच्या वाऱ्याने त्यांतली आग फुलवीत. रात्री हजारो भट्ट्यांनी डोंगर दिव्यांची आरास केल्यासारखा दिसे, असे त्या काळचे वृत्तांत सांगतात. परंतु तेथेही कसदार खनिज संपले, आणि १५७० च्या दशकाच्या आरंभी व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने पाऱ्याची रीत आणविली. अडचण थंडीची होती. पोतोसी सुमारे ४००० मीटर उंचीवर. तेथे मेक्सिकोचे ऊन नव्हते. म्हणून दगडी हौद बांधून त्यांच्या पोटाखाली आग ठेवण्याची सोय केली गेली. पण जाळायचे काय? त्या उंचीवर झाड उगवत नाही. गवत, खुरटी झुडपे आणि लामा नावाच्या जनावराचे वाळलेले शेण, हेच काय ते जळण. आपल्या गोवऱ्यांची आठवण व्हावी. ते पुरेना, तेव्हा सतराव्या शतकात हौदांखालची आग बहुधा विझली आणि पोतोसीनेही वेळ अधिक घेऊन उन्हावरच भिस्त ठेवली.

येथे एका धर्मगुरूचा परिचय करून द्यायला हवा. फादर आल्वारो आलोन्सो बार्बा हे अंदालुसियातील लेपे गावचे. त्यांनी पेरू आणि पोतोसीच्या परिसरात धर्मग्रामांची सेवा करता करता आयुष्यभर खनिजांचा अभ्यास केला. १६४० साली माद्रिदला छापलेला ‘आर्ते दे लोस मेतालेस’ हा त्यांचा ग्रंथ दीर्घकाळ या विषयावरील प्रमाणग्रंथ मानला गेला. फादर बार्बांनी अंगणाच्या संथपणावर तोड काढली. तांब्याच्या कढईत खनिज, मीठ आणि पारा पाण्यासह उकळायचा. तांबे स्वतःच माखिस्त्रालचे काम करी. आठवड्यांचे काम तासांत होई आणि पाराही कमी वाया जाई. पद्धत देखणी होती, पण ती सगळ्या प्रकारच्या खनिजांना लागू पडत नसे, आणि तिला जळण लागे.

पुढची गोष्ट मला फार बोलकी वाटते. दीडशे वर्षांनी, १७८० च्या दशकात, व्हिएन्नाच्या दरबारातील विद्वान इग्नाझ फॉन बॉर्न याने फादर बार्बांच्या कढईवरूनच धागा पकडून फिरत्या पिंपांची नवी रीत उभी केली. युरोपभर तिचा गाजावाजा झाला. स्पेनच्या राजाला वाटले, मेक्सिकोतील अडाणी अंगणे बंद करून हे आधुनिक शास्त्र तेथे न्यावे. टंगस्टन धातूचा शोध लावणाऱ्या दोघा बंधूंपैकी फाउस्तो दे एलुयार याच्या नेतृत्वाखाली १७८८ साली जर्मन तज्ज्ञांचे पथक मेक्सिकोला गेले. त्यातील फ्रीड्रिख सोनेश्मिट याने सुमारे दहा वर्षे तेथे खटपट केली. निष्कर्ष काय निघाला? त्याने प्रामाणिकपणे लिहून टाकले, की बॉर्नची रीत येथे रुजत नाही आणि या देशाला पातिओहून सरस पद्धत मला सापडलेली नाही. पिंपांना लोखंड आणि कारागीर हवेत, पाणी आणि लाकूड हवे. अंगणाला फरशी, खेचरे आणि ऊन पुरते. गुरू व्हायला आलेला माणूस आसोगेरोचा शिष्य होऊन परतला. वसाहतींच्या इतिहासात असे क्वचित घडते आणि त्याहून क्वचित ते कबूल केले जाते.

त्याच सुमारास युरोपातही सूर्य एका वेगळ्या प्रकारे धातूच्या कामी आला. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली याने मोठ्या भिंगाने सूर्याचे किरण पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटले. भस्मातून चकाकता पारा सुटला आणि त्याबरोबर एक वायू निघाला, ज्यात मेणबत्ती अधिक तेजाने जळे. तो प्राणवायू होता. शाळेच्या पुस्तकात प्राणवायूचा शोध म्हणून हा प्रयोग येतो. वस्तुतः केवळ उन्हाने भस्मातून धातू वेगळा केल्याचेही ते निर्विवाद उदाहरण आहे.

आता हिशेबाच्या वहीकडे वळतो.

स्पेनचे राज्य हिशेबाला पक्के होते. पारा ही राजाची मक्तेदारी. तो स्पेनमधील आल्मादेन, पेरूमधील वांकावेलिका आणि प्रसंगी आजच्या स्लोव्हेनियातील इद्रिया येथून येई. प्रत्येक क्विंटल पाऱ्यामागे शंभर मार्क चांदी निघालीच पाहिजे असे सरकारी कोष्टक होते, आणि त्यावरून खाणमालक कर चुकवितो की नाही हे ताडून पाहत. मिठाची नोंद होई, माखिस्त्रालची होई, खेचरांची होई. राजाचा पंचमांश, पुढे कित्येक ठिकाणी दशमांश, काटेकोर मोजला जाई. दोन गोष्टींची मात्र वहीत रकाना नव्हता. एक ऊन, ते फुकट होते म्हणून. दुसरी माणसाची काया, ती फुकट मानली गेली म्हणून.

मेक्सिकोत, विशेषतः उत्तरेच्या खाणींत, बरेचसे मजूर रोजावर येत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पेरूमध्ये तसे नव्हते. तोलेदोने ‘मिता’ ही वेठबिगार पद्धतशीर केली. ठरावीक प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी साधारण सातवा हिस्सा पाळीपाळीने पोतोसीला धाडायचा. ही संख्या वर्षाला सुमारे साडेतेरा हजार होती. कुटुंबे, लामांचे तांडे, शिधा घेऊन माणसे महिनामहिना चालत येत. काहींच्या वाट्याला वांकावेलिकाची पाऱ्याची खाण येई, आणि ती सर्वांत वाईट. हिंगूळ खणताना उडणारी धूळ आणि भट्ट्यांतून निसटणारी वाफ फुप्फुसात जाई. हातापायांना कंप सुटे, दात हलत, तोंडात व्रण पडत. १८१२ साली काडिझ येथील स्पॅनिश संसदेने मिता रद्द केली. ती प्रत्यक्षात संपली स्वातंत्र्ययुद्धानंतर.

अंगणात चालणाऱ्या मजुरांचे काय? अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०३ साली मेक्सिकोत पोहोचला. ऊन आणि हवा यांच्या साहाय्याने पिकणाऱ्या त्या ओल्या, पारायुक्त ढिगांतून जन्मभर अनवाणी चालणारी माणसे पाहून त्याने आश्चर्य नोंदविले, की त्यांची प्रकृती उत्तम दिसते. हुम्बोल्टसारख्या सत्यनिष्ठ निरीक्षकाची नोंद सहज झटकता येत नाही. धातुरूप पारा त्वचेतून फार कमी शिरतो, हे आज आपल्याला माहीत आहे. त्याचा मार्ग श्वासाचा आहे, आणि त्याचे दुष्परिणाम वर्षानुवर्षांनी दिसतात. उघड्या अंगणात वारा बरीच वाफ उडवून नेत असे. पण ज्या उन्हाने चांदी पिके, तेच ऊन पाऱ्याची वाफही वाढवी, हेही तितकेच खरे. चांगल्या प्रकृतीचे जे दिसले ते कामावर टिकून राहिलेले होते. आजारी पडून घरी गेलेले प्रवाशाला कोठून दिसणार?

ख्रिस्तसभेची माणसे या कथेत दोन्ही बाजूंना आहेत, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. डॉमिनिकन संघाचे फादर दोमिंगो दे सांतो तोमास यांनी केचुआ भाषेचे पहिले व्याकरण आणि शब्दकोश १५६० साली छापला. त्याच फादरांनी १५५० साली, म्हणजे पाऱ्याची रीत तेथे पोहोचण्याच्याही आधी, पोतोसीच्या खाणीला नरकाचे मुख म्हणून सरकारदरबारी तक्रार केली होती. येशूसंघीय फादर होसे दे आकोस्ता यांच्या १५९० साली छापलेल्या इतिहासग्रंथात चांदी आणि पारा यांवर सविस्तर विवेचन आहे. त्यात जिज्ञासा आहे, खाणीतल्या अंधाराचे भयही आहे. तरी या संपत्तीतही ईश्वराचा हेतू पाहण्याचा कल आहे. फादर बार्बांचे लक्ष तर कढईवर खिळलेले. दुसरीकडे मेक्सिकोतील तास्कोचा खाणमालक होसे दे ला बोर्दा याने १७५० च्या दशकात सांता प्रिस्काचे नितांतसुंदर चर्च बांधून दिले. ते पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. त्या सोनेरी वेदीमागे अंगणातील भाकऱ्या आहेत, हे तेथे कोणी सांगत नाही. आपल्या जुन्या चर्चमधील चांदीच्या दिव्यांची, कालिसांची चांदी कोठून आली याचा दाखला देणे आज शक्य नाही. पण सोळाव्या ते अठराव्या शतकात जगात निघालेल्या चांदीपैकी चारपंचमांशाहून अधिक चांदी स्पॅनिश अमेरिकेची होती, एवढे आकडे सांगतात.

चांदी मिळे त्याच्या साधारण दीडपट वजनाचा पारा खर्ची पडे. तो कोठे गेला? बराचसा क्लोराईड होऊन धुवणाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत गेला, काही हवेत. साडेतीन शतके हे चालले.

पातिओची अखेर विषाच्या दुसऱ्या रूपाने झाली. मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधू यांनी १८८७ साली सायनाईडची रीत पेटंट केली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती पाचूका आणि ग्वानाहुआतोच्या खाणींत पोहोचली. उन्हात आठवडे काढण्याची गरज संपली. ज्या उंच हौदांत खनिज आणि सायनाईडचे द्रावण हवेच्या झोताने घुसळतात, त्यांना आजही जगभर ‘पाचूका टाकी’ म्हणतात. मेदिनाच्या गावाचे नाव अशा रीतीने त्याच्याच पद्धतीला मूठमाती देणाऱ्या यंत्राला लागले.

मग कोळसा आणि तेल यांचे युग आले आणि सूर्य धातूच्या कारखान्यातून बाहेर पडला. तो पूर्णपणे विसरला गेला नाही. फ्रान्समधील ओदेयो येथे १९७० साली आरशांची प्रचंड सौरभट्टी सुरू झाली. तिच्या केंद्रस्थानी ३००० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता निर्माण करता येते. २००५ साली इस्रायलमधील वाइझमान संस्थेत युरोपीय शास्त्रज्ञांनी ३०० किलोवॅट क्षमतेची प्रायोगिक भट्टी चालविली. तीत एकवटलेल्या उन्हाने, थोड्या कार्बनच्या साहाय्याने, जस्ताच्या भस्मापासून तासाला सुमारे ४५ किलो जस्त मिळाले. कारखानदारीच्या मानाने हे प्रमाण लहान आहे. मोठ्या प्रमाणावर सूर्य आज राबतो तो चिलीच्या आताकामा वाळवंटात. तेथे जमिनीखालचे लिथियमयुक्त खारे पाणी उपसून अफाट उथळ कुंड्यांत सोडतात. वर्ष-दीड वर्ष ते उन्हात आटते, कुंडीमागून कुंडी घट्ट होत जाते, आणि मोटारींच्या बॅटऱ्यांना लागणारा लिथियम त्यातून मिळतो. मिठागराचीच ही आवृत्ती. ऊन येथेही फुकट आहे. आटून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र त्या वाळवंटातील मूळ रहिवाशांनी मागायला सुरुवात केली आहे.

पाऱ्याचे काम अजून थांबलेले नाही. आमेझॉनच्या खोऱ्यात आणि आफ्रिकेत गरीब माणसे सोने काढण्यासाठी आजही पारा हाताने कालवतात. मानवी व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा याच कामाचा असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या पाहणीत नोंदले आहे. पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ पासून अमलात आला. भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली.

वांकावेलिका गाव अजून वसलेले आहे. तेथील पुष्कळ घरे मातीच्या कच्च्या विटांची आहेत, आणि त्या विटांसाठी जी माती वापरली गेली तिच्यात शतकानुशतकांच्या भट्ट्यांचा गाळ मिसळला आहे. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी त्या घरांच्या भिंतींतील आणि खोल्यांतील पारा मोजला. तो आरोग्याला घातक ठरेल इतका भरला. घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा बहुतेक कुटुंबांपाशी नाही. काही ठिकाणी भिंतींना आतून गिलावा करून वाफ अडविण्याचे प्रयत्न झाले आहेत.